खम्ममची २,७६३ संमतिपत्रं

९,५४३ संमतिपत्रं. त्यांतल्या १,९४८ कागदांवर अंगठे. आणि २,७६३ कागदांवर, जिथे आईची किंवा वडिलांची सही हवी होती, तिथे वसतिगृहाच्या वॉर्डनची सही.

संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं ऑगस्ट २०१३ मध्ये मांडलेल्या ७२ व्या अहवालातले हे आकडे आहेत, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. तिथल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी एचपीव्ही लस शाळाशाळांतून देण्याचा प्रकल्प झाला होता. शाळेतल्या लसीकरणाबद्दल शिक्षकांशी किंवा आशाताईंशी बोलायची वेळ आली की मी याच प्रकरणापासून सुरुवात करते. काहींना ते रुचत नाही. लोकांना लसीकडे वळवायचंय आणि तुम्ही बंद पडलेल्या प्रकल्पाची गोष्ट कशाला सांगता, असं विचारतात. पण वयात येणाऱ्या मुलींच्या आईवडिलांशी कसं बोलावं, याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

प्रकल्प काय होता

एचपीव्हीच्या दोन्ही परदेशी लसींना भारतात २००८ मध्ये परवानगी मिळाली. लस सरकारी कार्यक्रमातून द्यायची ठरली तर ती मुलींपर्यंत कशी पोहोचवायची, हे आजमावण्यासाठी 'पाथ' ही अमेरिकी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, यांनी राज्य सरकारांना सोबत घेऊन एक प्रात्यक्षिक प्रकल्प आखला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता आणि लस कंपन्यांनी दिली होती. जुलै २००९ मध्ये खम्ममच्या तीन मंडलांत, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्यांसारख्या भागांत, १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. महिन्याभरानं गुजरातमध्ये वडोदरा जिल्ह्यात सुमारे १० हजार मुलींसाठी दुसऱ्या कंपनीची लस घेऊन तसंच काम सुरू झालं.

खम्ममच्या तीन मंडलांपैकी एक भद्राचलम. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी पुढे जिथून वाहते, तो हा आदिवासी मुलूख. इथल्या अनेक मुली आश्रमशाळांत राहून शिकत होत्या आणि त्यांचे आईबाप दूरच्या पाड्यांवर होते. लस देणाऱ्याच्या नजरेनं पाहिलं तर याहून सोयीची जागा नाही. योग्य वयाच्या मुली एकाच छपराखाली असतात, हजेरीपट तयार असतो आणि पुढच्या डोसाला त्या तिथेच सापडतात. तेव्हा तीन डोस लागायचे, त्यामुळे ही शेवटची गोष्ट फार मोलाची होती.

वय मुद्दाम लहान निवडलं होतं आणि ते बरोबरच होतं. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू आहे. त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या साधारण ७० टक्के कॅन्सरला कारणीभूत असतात. आधीच झालेल्या संसर्गावर लसीचा उपयोग होत नाही, म्हणून ती त्याआधीच द्यावी लागते. संसर्गापासून कॅन्सर होईपर्यंत बहुतेकदा १५ ते २० वर्षं जातात. म्हणजे बारा वर्षांच्या लेकीला आज जी सुई टोचायची, तिचं फळ ती तिशी-पस्तिशीत गेल्यावर दिसणार. आईबापांना हे समजावणं तसंही कठीणच. तापाची गोळी दिली की ताप उतरतो, तसं इथे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

बिनसलं कसं

मार्च २०१० मध्ये स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्या भद्राचलम भागात जाऊन मुलींना आणि पालकांना भेटल्या. प्रकल्पातल्या काही मुलींचे मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. दोन्ही राज्यं मिळून सात मुली दगावल्या होत्या. एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं प्रकल्प थांबवला आणि चौकशी समिती नेमली.

मृत्यूंची जी कारणं नोंदली गेली, त्यांत सर्पदंश होता, बुडणं होतं, कीटकनाशक पिणं होतं, मलेरियासारखा ताप होता. या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष चौकशी समितीनं काढला. चोवीस हजार मुलींवर कित्येक महिने नजर ठेवली तर त्यांतल्या काहींवर साप, विहीर, ताप यांचे घाले पडणारच, लस दिलेली असो वा नसो. आदिवासी पट्ट्यात ते दुर्दैवानं रोजचंच आहे.

समितीनं दुसरं जे सांगितलं, ते या प्रकरणाच्या मुळाशी आहे. संमती घेण्याची पद्धत सदोष होती. आश्रमशाळांमधल्या मुलींसाठी मुख्याध्यापक किंवा वॉर्डन यांनीच पालक म्हणून सही करावी, अशी मुभा वरूनच मिळालेली होती. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचं बोधचिन्ह साहित्यावर वापरलं गेलं, त्यामुळे हा नेहमीचाच सरकारी लसीकरण कार्यक्रम आहे असा कुणाचाही समज व्हावा. लस दिल्यानंतर काही त्रास झाला तर तो टिपायची यंत्रणाही पुरेशी नव्हती.

हा औषधाचा प्रयोग नव्हता, लसीला आधीच परवानगी होती आणि आपण फक्त ती पोहोचवण्याची रीत तपासत होतो, असं 'पाथ'चं म्हणणं होतं. संसदीय समितीनं ते मानलं नाही. तिची भाषा फार कडक आहे. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. प्रयोग की कार्यक्रम या वादावर पुष्कळ लिहिलं गेलंय, त्यात मी फार शिरत नाही. भद्राचलमच्या पाड्यावरच्या आईला या दोन शब्दांतल्या फरकाशी काय करायचंय? तिचा प्रश्न साधा आहे. माझ्या पोरीला काय टोचलं, आणि मला का नाही विचारलं?

वॉर्डनची सही का घेतली गेली

मला इथे थांबावंसं वाटतं. कारण हे कुणा दुष्ट माणसाचं काम आहे असं मानलं, तर पुढच्या खेपेला आपण भले लोकसुद्धा हेच करू.

शाळेत हजारदा असंच होतं. सहलीचा फॉर्म, शिष्यवृत्तीचा अर्ज, जंतांच्या गोळ्या वाटायचा दिवस. पालक येऊ शकत नाहीत, तारीख जवळ आलेली असते, वरून फोन येतो की आकडा किती झाला. मग कुणीतरी म्हणतं, 'सर, तुम्हीच करा ना सही, तुम्ही पालकासारखेच आहात.' आणि वॉर्डन खरोखरच त्या मुलीला जेवू घालते, ताप आला तर रात्री उशाशी बसते. तिला वाटतं की आपण मुलीचं भलंच करतोय. लस चांगली होती, त्यामुळे एका अर्थानं तिचं चुकतही नव्हतं.

पण त्या सहीनं एक गोष्ट घडलीच नाही. आईला सांगितलं गेलं नाही. तिनं काही ऐकलं नाही, काही विचारलं नाही, दोन दिवस घरात त्यावर बोलणं झालं नाही, शेजारणीशी वाद झाला नाही. मग जेव्हा गावात कुणीतरी म्हणालं की 'सुया टोचून पोरी मेल्या', तेव्हा त्या आईकडे त्याला उत्तर द्यायला काहीच नव्हतं. ज्या आईनं विचार करून हो म्हटलेलं असतं, ती अफवा आली की स्वतःच बोलते: 'मला माहीत आहे, मी विचारलं होतं, बहिणीच्या पोरीलापण दिलीय.' जिला विचारलंच नाही ती अफवेच्या बाजूला जाऊन उभी राहते, आणि तिचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

अंगठ्यांबद्दलही एक बोलायला हवं. नुसता अंगठा म्हणजे लबाडी, असं वाचणारे लोक मला भेटतात. लिहिता न येणारी बाई नीट ऐकून, समजून हो म्हणू शकते. प्रश्न तिला वाचून कुणी दाखवलं, तिच्या भाषेत दाखवलं का, आणि साक्षीला कोण होतं, हा आहे.

किंमत

भारतात दरवर्षी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सव्वा लाखाच्या वर नवे रुग्ण सापडतात आणि सुमारे ८० हजार बायका त्यानं जातात. हा अंदाज २०२२ सालचा आहे. खम्ममनंतर ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घेण्याचा विषय कित्येक वर्षं कुणी हाती घ्यायला धजावलं नाही. लसीकरणावर सरकारला सल्ला देणाऱ्या राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गटानं तिची ठाम शिफारस केली ती २०२२ मध्ये. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळांमधून लस दिली जात होती. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस देऊ केलेल्या मुलींच्या पिढीत गर्भाशयमुखाचा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे त्या वर्षांत बारा-तेराच्या असलेल्या मुली लसीविनाच मोठ्या झाल्या. मला याचं फार वाईट वाटतं आणि ते लपवावंसं वाटत नाही.

याच्या पोटातून एक विलक्षण गोष्टही निघाली. त्याच सुमारास, सप्टेंबर २००९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा एक वेगळा अभ्यास भारतात सुरू झाला होता. दोन डोस पुरतात का तीनच लागतात, हे त्यात पाहायचं होतं. महाराष्ट्रात बार्शी आणि पुण्यातल्या मुलीही त्यात होत्या. एप्रिल २०१० च्या आदेशानं तिथलंही लसीकरण थांबलं आणि जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: १६ आणि १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनंही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण मिळालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या भारतीय मुलींचा वाटा मोठा आहे. इतकी वर्षं त्या तपासणीला येत राहिल्या, त्यांच्या घरच्यांनी येऊ दिलं, याची आठवण क्वचितच काढली जाते.

एक डोस म्हणजे शाळेसाठी केवढी मोकळीक! पालकांना एकदाच विचारायचं, एकच दिवस ठरवायचा. आता तरी विचारायला वेळ नाही, असं कुणी म्हणू नये.

त्यानंतर जिथे जमलं, जिथे अडलं

पंजाबनं २०१६ मध्ये भटिंडा आणि मानसा या दोन जिल्ह्यांत शाळांमधून ही लस सुरू केली. सिक्कीमनं २०१८ मध्ये अख्ख्या राज्यात सुमारे २५ हजार मुलींसाठी मोहीम घेतली आणि दोन्ही डोसांत ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. राज्य लहान आहे, हे खरं. तरी तिथे शिक्षण खातं पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, शिक्षकांना आधी सगळं सांगितलेलं होतं, पालकांशी बोलणं सुया यायच्या आधी झालं होतं आणि काही विपरीत घडलं तर कुणी बोलायचं हेही ठरलेलं होतं. लस तीच, शाळाही तशाच.

दुसरीकडे गोवर-रुबेलाची मोहीम. ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठीची ही मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, मोठा भाग शाळांमधूनच. व्हॉट्सॲपवर मूल होणार नाही वगैरे अफवा फिरल्या आणि अनेक पालकांनी त्या दिवशी मुलं शाळेतच पाठवली नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तिथली शाळांतली मोहीम रोखली आणि पालकांची संमती लागेलच, असं सांगितलं. पालक नको म्हणाले नाहीत म्हणजे त्यांची संमती आहे, हे तिथे चाललं नाही. शिवाय लसीचे दुष्परिणाम काय, ती कुणाला देऊ नये, हेही पालकांना सांगा, असं न्यायालय म्हणालं. आरोग्य खात्यातल्या अनेकांना तो निकाल अडथळा वाटला. मला तो खम्ममनं आधीच शिकवलेला धडा वाटतो.

आणि एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी लस शाळेत दिली जाते. तिच्यावरून गावात सहसा गोंधळ होत नाही. आजीनं धनुर्वातानं माणूस गेलेला पाहिलेला असतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं गेलेली बाई मात्र गावात 'अंगावरून जाऊन गेली' असते, रोगाचं नाव कुणी उच्चारलेलं नसतं. पालकसभेत हे नाव पहिल्यांदा उच्चारणं, हेच अर्धं काम आहे.

आश्रमशाळेत हे कसं करावं

समजा आज भद्राचलमसारखीच एक आश्रमशाळा माझ्यापुढे आहे. १२० मुली, आईबाप तीस-चाळीस किलोमीटरवर विखुरलेले, निम्मे हंगामात कामासाठी बाहेरगावी. काय करावं?

वॉर्डनची सही नाही, हे आधी लिहून भिंतीवर लावावं. मग पालक शाळेत कधी येतात ते वॉर्डनलाच विचारावं, कारण तिला ते नेमकं ठाऊक असतं. बहुतेक ठिकाणी बाजाराच्या दिवशी येतात, पोरीसाठी काहीबाही घेऊन. किंवा सुट्टीला न्यायला येतात. संमतीचं काम त्या दिवसांभोवती बांधावं. लस ज्या दिवशी येईल त्या दिवशी फॉर्म वाटणं हा खम्ममकडे परत जाण्याचा रस्ता आहे. सहामाहीच्या सुट्टीच्या आधी मुलींनाच नीट समजावून सांगितलं तर त्याच घरी जाऊन बोलतात, आणि आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. बारा वर्षांच्या मुलीलाही हे कळायला हवं की हे तिच्या अंगाचं आहे. तिची 'नको' ऐकायला हवी.

पाड्यावर आशाताईनं जावं, आणि माहिती मराठीत असून भागत नाही. घरी गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर त्यात बोलावं. आधी आजीशी आणि बापाशीही बोलावं, आईला एकटं गाठू नये. घरी गेल्यावर निर्णय तिच्या एकटीच्या हाती नसतो.

काय बोलावं, यावर मी बरंच चुकत शिकले. 'सरकारी लस आहे, घ्या' हे वाक्य उपयोगाचं नाही. 'काही होत नाही' हेही नाही, कारण होतं: दंड दुखतो, कुणाला ताप येतो, आणि या वयाच्या मुलींना सुई पाहून चक्कर येते. एक पडली की तिच्यामागे तिघी पडतात. कोलंबियात २०१४ मध्ये एका गावात शेकडो मुलींना अशी चक्कर आली, चौकशीत लसीचा दोष निघाला नाही, पण तिथलं एचपीव्ही लसीकरण ९० टक्क्यांच्या वरून दोन वर्षांत १५ टक्क्यांच्याही खाली आलं. म्हणून चक्कर येऊ शकते हे आधीच सांगावं, मुलींना रांगेत एकमेकींसमोर टोचू नये, नंतर अर्धा तास बसवून ठेवावं, पोटात काही असल्याशिवाय लस देऊ नये. मूल होण्याशी या लसीचा काही संबंध नाही, हेही पालकांनी विचारायच्या आधीच सांगावं. पुष्कळांच्या मनात असतं, ओठावर येत नाही.

शरीरसंबंधाचं काय सांगायचं, हा शिक्षकांचा सगळ्यात अवघड प्रश्न. काही जण तो विषयच टाळतात आणि फक्त 'कॅन्सरची लस' म्हणतात. मी टाळत नाही. लग्नानंतर नवऱ्याकडूनही हा विषाणू येऊ शकतो, हे एक वाक्य सभेत खाली मान घालून बसलेल्या बायकांना वर बघायला लावतं. मुलीच्या चारित्र्याचा प्रश्नच मग उरत नाही.

फॉर्म परत येतात तेव्हा त्यांचे तीन गठ्ठे करावेत: हो, नाही, आणि काहीच नाही. तिसरा गठ्ठा सगळ्यात मोठा असतो आणि सगळी ओढ त्यालाच 'हो' धरण्याची असते. तो गठ्ठा घेऊन आशाताईनं पुन्हा जावं. बहुतेक वेळा नकार नसतोच, कागद दप्तरात राहिलेला असतो किंवा बाप कामावरून आलेला नसतो. ज्यांनी नाही म्हटलं, त्यांच्या मुलीला वर्गात वेगळं उभं करू नये. तिचं नाव तारखेसह वहीत ठेवावं आणि सहा महिन्यांनी फक्त एवढंच विचारावं, की अजून काही शंका आहे का. शाळा सोडलेल्या मुली या तीन गठ्ठ्यांत नसतातच. त्यांची यादी अंगणवाडीत असते, आणि लसीची गरज बऱ्याचदा त्यांनाच लवकर असते, कारण त्यांचं लग्न आधी होतं.

यानं १२० पैकी १२० मुली होणार नाहीत. पहिल्या वर्षी ९० झाल्या तरी माझ्या मते ते खम्ममच्या हजारोंपेक्षा भक्कम आहे, कारण त्या नव्वद घरांत उद्या काही घडलं तर बोलणारं माणूस आहे.

२००९ मध्ये भद्राचलमच्या शाळेत दहा-बारा वर्षांच्या असलेल्या मुली आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या कित्येकींच्या लेकी शाळेत जात असतील. त्या लेकींच्या दप्तरातून एक कागद घरी येईल, आणि मागोमाग आशाताई. ती ओट्यावर बसून बोलायला लागली, की समोरची बाई आपल्या दंडाकडे बोट दाखवून विचारेल: मला दिली होती तीच का ही? तेव्हा माझ्या आईला का नव्हतं विचारलं? आशाताईला हे ऐकून गोंधळायला होऊ नये. तिला खम्ममची गोष्ट कुणीतरी आधी सांगितलेली असावी, आणि तिनं ती त्या बाईला, जशी घडली तशी, सगळी सांगावी.